उपास आहे, गोळी घेऊ का? श्रद्धा आणि उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, म्हणजे पेशंट आणि डॉक्टर यांच्या मधे जो माणूस उभा असतो ना तो मी. खालचे प्रश्न लोक मला ओपीडीच्या बाहेर बाकड्यावर, आयसीयूच्या दारात, कधी रात्री फोनवर विचारतात, आणि गंमत म्हणजे हेच प्रश्न ते डॉक्टरांना विचारत नाहीत. लाज वाटते, किंवा डॉक्टर ओरडतील अशी भीती असते. म्हणून इथे एकत्र लिहिलेत. औषधाचा डोस मात्र इथे वाचून बदलू नका, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

संकष्टी आहे, शुगरची गोळी घेऊ की नको?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो. लोक दोनपैकी एक करतात, उपास आहे म्हणून गोळी बंद करतात नाहीतर गोळी नेहमीसारखी घेतात आणि खात काहीच नाहीत. दोन्ही चूक. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो नसो शुगर खाली आणतेच, आणि संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला, म्हणजे सकाळी गोळी घेतलेला माणूस संध्याकाळपर्यंत घामाघूम होऊन थरथरायला लागतो आणि घरचे म्हणतात उपासाने अशक्तपणा आला. तो अशक्तपणा नसतो, शुगर उतरलेली असते. मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका कमी असतो, इन्शुलिन असेल तर जास्त. म्हणून उपासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना जाऊन सरळ सांगायचं, की मी अमुक दिवशी उपास करणार आहे, वेळा बदलून द्या. बहुतेक डॉक्टर देतात.

दुसरी बाजू फराळाची. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, वरीचे तांदूळ हे सगळं पिष्ट आहे, एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. राजगिरा, दही, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे असं केलं तर उपासही होतो आणि शुगरही आवरते. आणि हरतालिकेसारखा निर्जळी उपास असेल आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर आधी विचारल्याशिवाय अजिबात करू नका.

एक आजी होत्या आमच्याकडे, आषाढीला चक्कर येऊन ॲडमिट झाल्या, शुगर ५२. त्यांना विचारलं गोळी चालू होती हे डॉक्टरांना माहीत होतं, मग उपासाचं का नाही सांगितलं, तर म्हणाल्या, "ते मला कर नको म्हणाले असते आणि मला करायचाच होता." मला हे उत्तर कायम लक्षात राहिलं, कारण त्यात चूक एकट्या आजींची नाहीये. आधीच्या कुठल्यातरी डॉक्टरने त्यांना झटकलेलं होतं. आजारी, म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई यांना उपासातून सूट आहे हे आपल्या घरातल्या मोठ्यांना माहीत असतं, पण ते प्रेमाने आठवण करून द्यायला कोणीतरी लागतं, आणि आमच्या अनुभवात हे काम डॉक्टरपेक्षा घरातली धाकटी जाऊ किंवा देवळातले गुरुजी जास्त चांगलं करतात.

रमजानमध्ये इन्शुलिन टोचलं किंवा बोटातून शुगर तपासली तर रोजा तुटतो का?

बहुतेक उलेमांच्या मते नाही. बोट टोचून थेंबभर रक्त काढल्याने तुटत नाही, इन्शुलिनच्या सुईनेही नाही, कारण ते अन्न नाही. ग्लुकोजची बाटली म्हणजे सलाईन लावलं तर मात्र तुटतो असं मानतात. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा, इफ्तारला अर्धा तास उरला असला तरी. कुराणातच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिलेली आहे, राहिलेले रोजे नंतर करता येतात, आणि जे कायमचे आजारी आहेत त्यांना फिदिया म्हणजे गरिबाला जेवण देण्याचा मार्ग आहे. रमजानच्या महिनाभर आधी तपासणी करून घेतली तर औषधं सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येतात.

आम्ही जैन आहोत, चौविहार पाळतो, रात्रीची गोळी कशी घेणार?

डॉक्टरांना सांगा की सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. दिवसातून तीनदा घ्यायच्या औषधाला पुष्कळदा दोनदा घ्यायचा पर्याय असतो. नसेल तर तसं स्पष्ट सांगतील. पर्युषणात अठ्ठाई म्हणजे आठ दिवसांचा उपास करायचा असेल तर आधी किडनी आणि शुगरची तपासणी करा, यावर जास्त लिहीत नाही.

कॅप्सूलमध्ये जनावराचं काही असतं का?

असतं. नेहमीच्या कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. वनस्पतीपासून बनवलेल्या कवचाच्या कॅप्सूलही मिळतात, किंवा तेच औषध साध्या गोळीत, सिरपमध्ये मिळू शकतं. पण कॅप्सूल उघडून पावडर खाऊ नका, काही औषधं पोटात हळूहळू सुटावीत म्हणून तशी भरलेली असतात.

जास्त महत्त्वाचं ते ऑपरेशनमध्ये येतं आणि ते कोणी सांगत नाही. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन बहुतेक डुकराच्या आतड्यापासून काढलेलं असतं. हृदयाची बदली झडप गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीची असू शकते, धातूची पण असते पण मग जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या. पेशंट मुस्लिम असो, शाकाहारी हिंदू असो, जैन असो, झडप बसवण्याआधी ती कशाची आहे हे सांगणं हा संमतीचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे. नुसती सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही. आणि खरं सांगायचं तर सांगितल्यावर नाही म्हणणारे फार थोडे, इस्लाममध्येही जीव वाचवायला दुसरा पर्याय नसेल तर निषिद्ध गोष्टीला मुभा आहे. आधी सांगितलं की माणूस विचार करून हो म्हणतो, नंतर कळलं की आयुष्यभर मनात खुपत राहतं. इन्शुलिनची काळजी मात्र सोडा, पूर्वी ते गाई-डुकरांपासून यायचं, १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्शुलिन आलं आणि आता तेच चालतं.

आमच्याच लोकांचं रक्त द्या असं सांगता येतं का?

नाही. ब्लड बँकेत पिशवीवर गट असतो, आडनाव नसतं. हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी चिडायचो, आता चिडत नाही, शांतपणे एवढंच सांगतो की अगदी जवळच्या नातेवाईकाचं, म्हणजे आईबाप, मुलगा, भाऊ यांचं रक्त उलट जास्त धोक्याचं असू शकतं, त्यातल्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटू शकतात आणि म्हणून असं रक्त द्यायचंच झालं तर त्यावर किरणोत्साराची प्रक्रिया करून देतात.

रक्त अजिबात नको म्हणणारे लोक असतात ते कोण? डॉक्टर ऐकतात त्यांचं?

यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ. बायबलमध्ये रक्त वर्ज्य करा असं आहे त्याचा अर्थ ते रक्त चढवण्यालाही लावतात. पूर्ण रक्त, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा हे पाचही नाही. त्यांच्यापासून पुढे वेगळे काढलेले अंश, जसं अल्ब्युमिन हे प्रथिन, घ्यायचे का हे ज्याचं त्याने ठरवायचं. बरेच जण खिशात तसं लिहिलेलं कार्ड ठेवतात.

सज्ञान माणूस शुद्धीवर असेल, परिणाम समजून नाही म्हणत असेल तर त्याचं ऐकावं लागतं, डॉक्टरला कितीही जड गेलं तरी. लहान मुलाची गोष्ट वेगळी, तिथे आईबापांच्या श्रद्धेपेक्षा मुलाचा जीव वर आणि गरज पडली तर कोर्टातही जावं लागतं. या लोकांमुळे एक चांगली गोष्ट झाली ती सांगायला हवी, ऑपरेशनआधी लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवणं, ऑपरेशनमध्ये सांडलेलं पेशंटचंच रक्त गोळा करून धुऊन परत देणं, कमीत कमी रक्तस्राव होईल असं ऑपरेशन करणं या पद्धतींना त्यांच्या नकारामुळे जोर मिळाला आणि त्याचा फायदा आज सगळ्यांना होतो.

मुहूर्तावर सिझेरियन करून घेतलं तर काय बिघडतं?

सिझेरियन आधीच ठरलेलं असेल, ३९ आठवडे पूर्ण झालेले असतील, आणि डॉक्टर म्हणतायत या तीन दिवसांत कधीही करू, तर त्यातली सकाळची अमुक वेळ निवडली तर काही बिघडत नाही. बिघडतं कुठे, तर नॉर्मल होऊ शकणारी डिलिव्हरी नक्षत्रासाठी ऑपरेशनची केली जाते तेव्हा, किंवा ३७व्या आठवड्यात बाळ बाहेर काढलं जातं तेव्हा. फुप्फुसं पुरती तयार झालेली नसण्याचा धोका असतो आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागू शकतं. आणि उलट बाजू त्याहून वाईट, बाळाचे ठोके पडतायत आणि सासरचे म्हणतायत अमावास्या संपू दे. तिथे डॉक्टरने ऐकू नये आणि सही बाळंतिणीची घ्यावी, सासऱ्यांची नाही. बाई सज्ञान आहे, शरीर तिचं आहे. ग्रहणातही तेच, गरोदर बाईने आत बसायचं असेल तर बसू दे, पण पाणी आणि जेवण बंद करू नका.

डोळे दान केले तर पुढच्या जन्मी आंधळा होतो का?

हा प्रश्न विचारताना लोक हसून विचारतात पण आतून घाबरलेले असतात, म्हणून मी नीट उत्तर देतो. श्रीलंका बघा. तिथले बहुसंख्य लोक बौद्ध, पुनर्जन्म मानणारे. डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ मध्ये तिथे नेत्रदान संस्था काढली आणि आज तो छोटासा देश जगभरातल्या देशांना बुबुळं पाठवतो. कारण काय, तर जातककथेतला शिबी राजा, ज्याने मागायला आलेल्याला स्वतःचे डोळे काढून दिले. पुनर्जन्माचीच श्रद्धा, पण तिथे ती दान द्यायला लावते आणि इथे अडवते. आपल्याकडे तर हाडं देणारे दधीची ऋषी आहेत, मग पुढच्या जन्मी त्यांना हाडं नव्हती असं कोणी म्हणतं का.

व्यवहाराचं सांगतो. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत करायचं, जवळच्या नेत्रपेढीला फोन केला की टीम घरी येते, वीस-पंचवीस मिनिटांत होतं, चेहरा विद्रूप होत नाही. तोपर्यंत पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता तरी चालतं.

अवयवदान वेगळं. ते बहुतेक वेळा ब्रेनडेड पेशंटचं, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या पेशंटचं, १९९४ च्या कायद्याने. चार डॉक्टरांचं पथक दोनदा तपासतं, मधे किमान ६ तास. इथे नातेवाईकांचा खरा अडथळा धर्माचा नसतोच, छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे आणि तुम्ही म्हणता माणूस गेला, हे मन मानत नाही. त्यावर घाई केली की हातचं जातं. त्या माणसांना वेळ द्यावा, बेडजवळ बसू द्यावं. अवयव काढल्यावर शरीर घरच्यांना मिळतं, सगळे विधी करता येतात. देहदानात शरीर मिळत नाही, पण शरीर हाताशी नसताना करायचा पालाशविधी परंपरेत आहेच.

व्हेंटिलेटर काढणं म्हणजे पाप, खून नाही का?

आयसीयूच्या बाहेर रात्री तीन वाजता हा प्रश्न येतो तेव्हा कायदा सांगून उपयोग नसतो, पण आधी कायदा सांगतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, त्या ४१ वर्षांहून जास्त त्याच हॉस्पिटलात अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाबतीत उपचार थांबवायची परवानगी नाकारली, कारण केईएमच्या नर्सना त्या हव्या होत्या, त्या त्यांची काळजी घेत होत्या. पण त्याच निकालात उपचार थांबवण्याचा मार्ग मान्य झाला. ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली, आता हॉस्पिटलचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ असा निर्णय होतो, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. इंजेक्शन देऊन मारणं मात्र आजही गुन्हा आहे, हे दोन वेगळे आहेत.

आता श्रद्धेचं. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर सांगितलं होतं की असाधारण उपाय चालू ठेवायचं बंधन नाही. जैनांत संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारणं, आहे, राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट २०१५ मध्ये तो बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. आणि मराठी माणसाला तर हे लांबून बघायचीही गरज नाही, आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी आहे, सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडलं, विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केलं. म्हणजे शरीर आता पुरे म्हणतंय तेव्हा त्याला जाऊ देणं ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी नाही. तरी मी कोणाला काढा म्हणून सांगत नाही. मी एवढंच विचारतो, "काकांना स्वतःला काय हवं होतं?" तुम्हाला काय हवंय असं विचारलं की मुलावर ओझं येतं, त्यांना काय हवं होतं असं विचारलं की मुलगा आठवायला लागतो, आणि बहुतेक वेळा कधीतरी टीव्ही बघताना वडील काहीतरी बोललेले असतात.

श्रद्धा वगैरे बाजूला ठेवून सरळ सक्ती का करत नाहीत?

पुण्याने ते पाहिलंय. १८९७ च्या प्लेगमध्ये इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घराघरात घातले, ते बुटासकट देवघरात शिरले, बायकांची तपासणी, सामान जाळणं. रोग खराच होता, उपायांमागे शास्त्रही होतं, पण लोक पेशंट लपवायला लागले आणि २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे टोचून घेतली म्हणून लोक पुढे आले. आणि त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आजारी लोकांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. एकाच साथीत आणि एकाच मुलखात हे सगळं झालं. मला हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगावंसं वाटतं.

अंगात येतं, मांत्रिकाकडे न्यावं का?

देवळात, दर्ग्यात जायचं तर जा, औषध बंद करू नका. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा-दुआ असा उपक्रम आहे, तिथे मुजावर म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी स्वतःच पेशंटला डॉक्टरकडे पाठवतात. मला हा मार्ग सगळ्यात माणुसकीचा वाटतो. उलट टोक म्हणजे तमिळनाडूतलं दर्ग्याचं गाव एरवाडी, ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण गेले.

साप, विंचू, कुत्रा चावला तर मात्र एक मिनिट घालवू नका. महाराष्ट्रात डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये कायदा झाला, त्यात अशा पेशंटला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

डॉक्टरच श्रद्धेमुळे उपचार नाकारू शकतात का?

इमर्जन्सीत नाही. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, जीव वाचवणं पहिलं, बाकी सगळं नंतर. बाकी वेळी डॉक्टरला एखादी गोष्ट मनाला पटत नसेल, समजा गर्भपात, तर त्याने लगेच तसं सांगून दुसऱ्याकडे पाठवावं, ताटकळत ठेवू नये.

यात काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्या जवळचंच. सविता हलप्पनवार, मूळ बेळगावच्या, व्यवसायाने डेंटिस्ट, वय ३१, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहायच्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७व्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं, त्यांनी गर्भपात मागितला, पण ठोके चालू आहेत म्हणून थांबवलं. हा कॅथलिक देश आहे असं त्यांना सांगितलं गेलं. रक्तात जंतुसंसर्ग होऊन २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. त्या स्वतः हिंदू होत्या, दुसऱ्याच्या श्रद्धेवर त्यांचा उपचार अडला. मे २०१८ मध्ये आयर्लंडने जनमत घेतलं, ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली गर्भपातावरची बंदी काढायला हो म्हटलं, आणि सविताचा फोटो हातात घेऊन लोक रस्त्यावर होते.

बाई डॉक्टरच हवी असं सांगितलं तर चालतं का?

मागा, लाजू नका. उपलब्ध असेल तर मिळते. नसेल तर पुरुष डॉक्टर तपासताना दुसरी स्त्री हजर असणं हा तुमचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो आहे.

आयसीयूत गंगाजल, अंगारा, तावीज चालतं का?

ओठाला बोटाने गंगाजल लावणं बहुतेक ठिकाणी चालतं, चमच्याने पाजू नका, श्वासनळीत जाऊ शकतं. अंगारा उशाशी पुडीत ठेवा, जखमेजवळ नाही. जानवं, मंगळसूत्र, तावीज ऑपरेशनला कापायच्या आधी विचारायला हवं, धातू नसेल तर टेपने चिकटवताही येतं. शीख पेशंटचे केस काढायचे असतील तर आधी बोला. ख्रिस्ती पेशंटसाठी फादरना, मुस्लिम पेशंटच्या कानात कलमा म्हणायला घरच्यांना बोलवायची वेळ रात्री दोनची असली तरी सिक्युरिटीने सोडावं.

पोस्टमॉर्टेम नको म्हणता येतं का?

अपघात, संशयास्पद मृत्यू असेल तर नाही, ते कायद्याने होतं. पण लवकर करा अशी विनंती करता येते, दफन त्याच दिवशी व्हायला हवं हे कारण सांगा. नोव्हेंबर २०२१ पासून पुरेशी सोय असलेल्या ठिकाणी सूर्यास्तानंतरही करायला परवानगी आहे, खून, आत्महत्या, बलात्कार अशी प्रकरणं सोडून.

हे सगळं आधी लिहून ठेवता येतं का?

येतं, आणि लिहाच. मोठं असं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे व्हेंटिलेटर हवा की नको, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं, एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे. पण रोजच्या गोष्टींसाठी नोटरी लागत नाही. फाईलच्या पहिल्या पानावर पेनाने लिहा: कुठले उपास करतो, काय खात नाही, रक्त चालेल का, डुकराचं-गाईचं औषध चालेल का, माझ्यासाठी कोणी बोलायचं. आमच्या एका पेशंटने खाली अजून एक ओळ लिहिली होती, "शेवटी हरिपाठ लावा, मोबाईलमध्ये आहे." सिस्टरनी लावला.